दुसऱ्या चॅनलबद्दलची शंका

प्रिय भिंगरी,

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून दचकू नकोस. इकडे सगळे ठीक आहेत. फोनवर मी अर्धं वाक्य बोलले असते, तू "जाऊ दे गं ताई" म्हणून मोकळी झाली असतीस, आणि मीही ते मुकाट्याने पदरात पाडून घेतलं असतं. ते मला नकोय. म्हणून हे शेवटपर्यंत वाच.

काल मावशीचा फोन आला होता. आधी माझ्या गुडघ्याची चौकशी, मग हवेची, आणि मग हळूच, "काय गं, भिंगरीच्या कामात तू काय खोट काढलीस? जेवायला बसते आणि घास हातात तसाच राहतो. विचारलं तर म्हणते, ताईला दिसलं ते मला का दिसत नाही." रागाने नव्हती विचारत. लहानपणी मी तुला गणितं घालून छळायचे, तसंच काहीतरी चाललंय असं तिला वाटतंय. "सांगून टाक ना आता, किती रडवशील पोरीला," असं म्हणून हसलीसुद्धा. मी "सांगते" म्हटलं आणि फोन ठेवला. मग बराच वेळ नुसती स्वयंपाकघरात उभी होते. दूध उतू गेलं ते वासावरून कळलं.

आई-बाबांच्या बदल्यांपायी माझी शाळेची वर्षं तुमच्या घरी गेली. मावशीने मला कधी पाहुणी म्हणून वाढलं नाही, आणि तू तर मला सख्खीच समजत आलीस. माझ्या शब्दावर तुझा किती विश्वास! विजेरीचे सेल दमतात, त्यांना उशीखाली निजवलं की ताजे होतात, अशी मी एकदा तुला थाप मारली होती. तू घरातले सगळे सेल गोळा करून निजवलेस आणि दिवसभर कुणाला त्या खोलीत मोठ्याने बोलू दिलं नाहीस. मावसोबांना बातम्या ऐकायच्या होत्या, त्यांच्या रेडिओतले सेलही झोपलेले! आपण किती हसलो होतो नंतर. आता ती आठवण आली की हसू येत नाही.

तुझी कल्पना मी मावशीला समजावली होती, आठवतं? संगणकातल्या मेमरीच्या पट्टीवर चिपांच्या दोन तुकड्या, म्हणजे दोन चॅनल. प्रोसेसर त्यांना हुकूम सोडतो, हे वाच, ते लिही. मध्ये बफर चिप बसलेली असते, ती हुकूम झेलते आणि नव्या दमाने पुढे धाडते. आजवर दोन्ही चॅनलच्या हुकमांच्या तारा वेगवेगळ्या. तू म्हणालीस, एकच संच पुरे. क्लॉकचा, म्हणजे सगळ्या चिपांना ताल देणाऱ्या संकेताचा, ठोका चढताना पहिल्या चॅनलचा हुकूम, उतरताना दुसऱ्याचा. बफर ते निवडून ज्याचा त्याला देईल, आणि पुढे चिपांना तो हुकूम वाचायला पूर्ण ठोकाभर सवड देईल. बाहेरच्या तारा निम्म्यावर आल्या. मावशी म्हणाली, "म्हणजे दाराला बेल एकच, एकदा वाजली तर आपल्याकडे, दोनदा वाजली तर वरच्यांकडे." तू म्हणालीस, अगदी तसं नाही, पण आमच्या समितीपेक्षा तुला लवकर कळलं. मीही हसले. आणि हसताना तुझा हेवा वाटला, की हे मला का सुचलं नाही. इतकी वर्षं मी याच तारांशी झटतेय. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

समितीच्या त्या बैठकीच्या आधी आमच्या साहेबांनी मला खोलीत बोलावलं. तिथे तुझी, माझी, सगळ्या कंपन्या मिळून मेमरीचे नियम ठरवणार, आणि तुझी पद्धत मान्य झाली तर वेगळ्या तारा धरून आम्ही बनवायला घेतलेला बफर केराच्या टोपलीत. साहेब म्हणाले, "हा विषय फक्त एक बैठक पुढे ढकला. शंका काढा. सिद्ध करायची गरज नाही. तुमचं तिथे वजन आहे." धमकी नाही, दरडावणं नाही. खरं सांगते, ते वजनाचं वाक्य मला गोड लागलं. तुझ्या पद्धतीची चाचणी आम्ही आधीच घेतली होती. पट्टी तापवून, दोन्ही चॅनलवर हुकमांचा मारा करून. सगळं स्वच्छ. दुसऱ्या चॅनलचा हुकूम एकदाही चुकला नव्हता. ते आलेख मी स्वतः पाहिले होते.

आणि तरी मी उभी राहिले. आपण तिथे एकमेकींना "मॅडम" म्हणायचो आणि कॉफीच्या टेबलाशी त्यावरून खुसखुसायचो. त्या दिवशी मी खरोखरच मॅडम झाले. म्हणाले, पट्टी तापली की क्लॉकच्या ठोक्याचे दोन भाग सारखे राहत नाहीत. दुसऱ्या चॅनलला वेळ अपुरा पडतो, आणि तो कधीकधी पहिल्याचाच हुकूम उचलतो. आमच्या प्रयोगशाळेत असं दिसलंय. तू विचारलंस, "किती तापमानाला, मॅडम?" मी म्हणाले, तपशील गोपनीय आहेत. माझ्या शेजारचे गृहस्थ मान डोलावत होते. कुणीही दुसरा प्रश्न विचारला नाही. तुझा प्रस्ताव बाजूला ठेवला गेला.

तू चिडली असतीस, तर मी कदाचित स्वतःची समजूत घातली असती, की धंद्यात हे चालायचंच. पण तू जिन्यात मला गाठलंस, माझा हात धरलास आणि म्हणालीस, "बरं झालं ताई, तू पकडलंस. बाजारात गेल्यावर कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती." मी तुझ्या पाठीवर थोपटलं. भिंगरी, मी थोपटलं गं! त्या हाताची मला अजून किळस येते.

त्यानंतर तुझे निरोप येत राहिले. पट्टी भट्टीत ठेवली, काही दिसलं नाही. उष्णता वाढवली, काही दिसलं नाही. बफर बदलून पाहिला. "ताई, मी मोजायलाच चुकतेय का?" तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी लिहिलं, "बघ अजून." खोटं बोलले ते भर सभेत, घाबरून, मोहाने. पण "बघ अजून" हे मी घरी, चहा पिता पिता, शांतपणे लिहिलं. त्याला कसली सबब देऊ? तुझ्या कंपनीने तुझ्या हाताखालची दोन्ही मुलं दुसरीकडे हलवली, हेही तूच कळवलंस, आणि वर लिहिलंस की त्यांचं बरोबरच आहे.

परवा तू समितीसाठी लिहिलेलं निवेदन माझ्याकडे पाठवलंस, "भाषा तेवढी बघून दे" म्हणून. प्रस्ताव मागे घेते, दुसऱ्या चॅनलचा दोष मला शोधता आला नाही, तो माझ्याच मांडणीत आहे, आणि तो दाखवून दिल्याबद्दल अमुक मॅडमचे आभार. ते मी उभ्यानेच वाचलं. ते पाठवू नकोस. दोष नाहीये. कधीच नव्हता. आज सकाळी साहेबांना सांगून मी आमच्या चाचणीचे आलेख समितीकडे पाठवून दिले, सोबत मी काय बोलले आणि ते कसं खोटं होतं, तेही लिहिलं. गोपनीय माहिती बाहेर दिली म्हणून साहेबांनी मला उद्यापासून घरी बसायला सांगितलंय. पुढे काय ते ते ठरवतील. हे तुला समितीच्या कागदांतून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तुझ्या प्रस्तावासाठी पुन्हा बैठक लागेल. भट्टी बंद कर, नीट जेव, आणि मावशीला सगळं सांग. मला धीर होत नाहीये. ती रागावली तर तिला अडवू नकोस. तूही रागव, सवय नसली तरी. आणि कधी पुन्हा एका खोलीत बसलो आणि मी काही म्हणाले, तर ताई म्हणतेय म्हणून मान डोलावू नकोस. सगळ्यांसमोर आकडे माग, आणि दिले नाहीत तर मला खाली बसव.

तुझीच, तू अजून म्हणू देशील तर,
ताई