ई नेमका कुणाचा?

११ ऑक्टोबर २००८, शनिवार, निझवा, ओमान

परत तेच! तुळई किती वाकेल ते काढायला सूत्र टाकलं, उत्तर आलं — सात लाख किलोमीटर. सहा मीटरची तुळई, वाकून चंद्राच्या पलीकडे!

आम्हा इंजिनिअरांचा ई म्हणजे स्टीलचा ताठपणा. पण कॉम्प्युटरवरची ही फुकटची गणित-लायब्ररी सूत्र वाचताना ई दिसला की स्वतःचा, म्हणजे गणितातला स्थिरांक २.७१८, घालते. मी किंमत लिहून दिलीय, तिकडे बघतसुद्धा नाही.

१२ ऑक्टोबर

लायब्ररीवाल्यांना मेल केली. उत्तर आलं — ‘ई आमचं राखीव नाव आहे. तुम्ही दुसरं अक्षर घ्या.’ वा! आणि ऑफिसातली चाळीस सूत्रं कोण बदलणार?

अर्बाब, म्हणजे आमचे मालक, म्हणाले, ‘विशाखा, यल्ला, चल, हाताने कर. खलास.’ ह्यांचं सगळंच खलास!

१४ ऑक्टोबर

चिडून त्यांचा कोडच उघडला, सगळ्यांना खुला असतो तो. सूत्रातल्या अक्षराची किंमत शोधायचा क्रम उलटा आहे. आधी लायब्ररीची यादी, मग मागच्या हिशेबातल्या किमती, आणि मी दिलेल्या सगळ्यात शेवटी! मागच्या किमती पुसतही नाहीत. प्रोग्रॅम बंद केला तरच जातात.

१५ ऑक्टोबर

क्रम बदलला. कोडसोबतच्या सात चाचण्या फुटल्या. एक जुळवली की दुसरी फुटते. रमण म्हणाला, ‘आधी दोन घास खा.’ नवऱ्यावर ओरडले. उगाच.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

इथली गुरुवारची सुट्टी गेली. पण सगळ्या चाचण्या पास! तुळई वाकते दहा मिलिमीटर. दहा! कोड पाठवून दिला. घ्यायचा तर घ्या.

१८ ऑक्टोबर

सूत्रात ई नव्हता म्हणून संशय न आलेली वर्षभराची कामं नव्या कोडमधून परत काढली. एक जुळेना. इथल्या किनाऱ्यावर सहम गावाला रत्नागिरीकडच्या जहूरभाईंची वाडी आहे, तिथलं पाण्याच्या टाकीचं स्टँड. तुळई सहा मीटरची, पण त्या दिवशी मधे प्रोग्रॅम बंद केला नव्हता, हिशेबात आधीच्या कामाचे चार मीटर तसेच राहिलेले. खाली सही माझी. स्टँड मार्चपासून उभं आहे.

जहूरभाईंना फोन केला. ‘टाकी रिकामी करा, आत्ता! खाली कुणी थांबू नका.’

‘खालीच सगळी जेवतायत, ताई.’ मग त्यांची आरोळी — उठा, उठा!

अर्ध्या तासाने त्यांचाच फोन. ‘सगळी बाहेर आहेत. तुळई मधे चार बोटं खाली आलीय, ताई. आमाला वाटलं, तशीच असते.’