वैष्णवीची लस आणि तुमचं पुरण

प्रिय मोठ्याबाई,

तुमची नात ओसरीवर दंड धरून बसली आहे आणि बसल्या जागी पाणी मागते आहे, जणू दुसरा हात कुणी कापूनच नेला! सुई डासाच्या सोंडेएवढी होती, मी पाहिली ना. तुम्हाला ज्या आजारानं नेलं, त्याची लस आज वैष्णवीनं घेतली. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हालाच सांगायचं राहिलं होतं, म्हणून लिहायला बसले.

हो, मीच लिहिते आहे. किराण्याच्या पुडीचे कागद उलगडून मी वाचत बसायची, तर तुम्ही म्हणायच्या, "धाकले, पुड्या वाचून कोनी कलेक्टर होते का? मिरची सांडली, ते पाय आधी!" कलेक्टर नाही झाले, बाई. पण तुमच्या भाऊजींचा चष्मा लावून रोज अख्खा पेपर वाचते. ते तिकडं भेटले तर सांगा, चष्मा रिकामा पडून नाही.

शाळेत पालकांची सभा झाली होती. दवाखान्याच्या सिस्टरनं समजावून सांगितलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो, तो संबंधातून येतो, आणि लस त्याच्या कितीतरी आधी, शाळेच्या वयातच घेतलेली बरी. "संबंध" म्हटल्याबरोबर सगळे बाप छताचा पंखा पाहू लागले! एक जण उठला, "पोरी अजून लहान हायेत, अन् हे भलतंच काय सांगून राह्यले?"

मग मीही उठले. डोळ्यासमोर तुमचा शेवटचा चेहरा होता. "सक्तीच करा," म्हटलं. "लस नाही, तर शाळेत नाव नाही!"

शेजारी शबाना बसली होती. बसस्टँडजवळ बांगड्यांचं दुकान आहे ना, ती. तिची अल्फिया आपल्या वैष्णवीच्या वर्गात आहे. तिनं माझा पदर ओढला. "काकी, खाली बसा. माही सास तर बहानाच शोधून राह्यली. तुमी सक्ती केली का ती म्हणन, चला, शाळाच बंद! मंग लस बी नाही, अन् शाळा बी नाही."

मी बसले. सक्तीचं दार लावलं की आधी पोरीच बाहेर राहतात, हे माझ्या कसं ध्यानात आलं नाही?

"मंग कराव काय?" मी विचारलं.

"समजवू ना घरोघरी."

"पह्यलं घर कोणतं?"

"तुमचंच! तुमचा संजूच तं उठून गेला बाहेर."

खरंच गेला होता, बाई. तुमचा लेक!

घरी येऊन मी विषय काढला. तुमची सून सुनीता भाकरी थापत होती. संजू म्हणाला, "लग्नाच्या आधी हे कायले? लोक म्हणतीन, बापाचा पोरीवर भरोसा नाही."

"सोयाबीनच्या बियाण्याले तू औषध कवा चोळतं? पेरायच्या आधी, का रोग आल्यावर?"

"माही पोट्टी बियाणं नोय, काकू."

"नोय, म्हणूनच सांगून राह्यली. बियाणं दुसरं आणता येते."

 मग मान खाली घालून तो हळूच म्हणाला, "म्हंजे... माही माय तशी होती का?"

गाठ तिथं होती! म्हणूनच इतकी वर्षं तो लोकांना "पोटाचा कॅन्सर" सांगत आला.

"संजू," म्हटलं, "तुह्या मायनं एक संसार केला, बस. हे संसारातूनच येते. नवऱ्याकडून बायकोले येते, त्यालेबी पत्ता नसते. बहुतेकायचं आपोआप जाते, तिचं नाही गेलं. यात पाप कायचं?"

आणि हे सांगता सांगता मला तुमचाच राग आला, बाई. लिहू का? आपल्या घरची रीत, महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला जिची पाळी कायमची गेली तिनंच हात लावायचा. सासूबाईंच्या मागं तो मान तुम्हाला मिळाला. पाळी बंद झाली तेव्हा तुम्ही घरात साखर वाटली होती! मग पुन्हा रक्त जाऊ लागलं, आणि तुम्ही ते लपवलं. सांगितलं तर चूल हातची जाईल, म्हणून. "गरमी झाली" म्हणत दोन वर्षांच्या महालक्ष्म्या काढल्या. ऐन नैवेद्याच्या दिवशी पुरण वाटताना पाट्यावर कोसळलात, तेव्हा आम्हाला कळलं. डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं.

पुरणासाठी, बाई? आम्ही कण्या खाल्ल्या असत्या हो!

हे सगळं मी संजूला सांगितलं. तुम्ही लपवलं होतं, हे त्याला माहीतच नव्हतं. सुनीताचा हात परातीतच थांबला. ती एवढंच म्हणाली, "मी बी नसतं सांगितलं."

संजू तिच्याकडे पाहतच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच सिस्टरला फोन करून वार विचारला. आज सकाळी गाडी काढली, "बस काकू, वैष्णवीले मधात घे." दवाखान्यात हा बाबा सिस्टरला विचारतो, "पोरायले नसते का ही?" ती म्हणाली, असते, पण आमच्याकडे सध्या मुलींसाठीच आली आहे. तर म्हणतो, "त्यायलेबी पाह्यजे. बिमारी काय एकट्या बायकायची हाये का?" बाई, तुम्ही ऐकायला हव्या होत्या!

शबानाच्या सासूकडे आम्ही दोघी जाऊन आलो. ती अजून "देखेंगे" म्हणते. आधी चहासुद्धा विचारत नव्हती, आता बसायला पाट देते. होईल तेही.

आता महालक्ष्म्या आल्याच आहेत. यंदा पुरण सुनीता वाटणार, तिचे दिवस असोत की नसोत. संजूनंच तसं सगळ्यांसमोर सांगितलं. आणि लक्ष्म्या उठल्या की सुनीता आणि मी तपासणीला जाणार. लस पोरींसाठी आहे, पण आपल्यासारख्या बायकांना तपासून घ्यावंच लागतं. पडद्यामागं मी लाजणार नाही. या घरात कुठल्याही बाईला चुलीपायी दुखणं गिळावं लागणार नाही, हा माझा तुम्हाला शब्द.

सुनीताचा हात अजून बसलेला नाही. पुरण जाडंभरडं झालं तर नावं ठेवू नका. वाटणारीनं काही लपवलेलं नसेल.

तुमची,
धाकली