शेवटचा पाना माझ्या हातचा

आधी एक दुरुस्ती. आमच्या गॅरेजच्या कामाच्या वहीत दिनांक ४ मार्च १९८६ च्या पानावर मी असे लिहिले आहे की, आमचे मोठे गिऱ्हाईक भैय्याजी यांच्या टर्बो गाडीचे शेवटचे सेटिंग नत्थूजी मिस्त्रींनी केले. हे खरे नाही. ते मी केले. नत्थूजी त्या वेळी एका ट्रकखाली आडवे होते, त्यांनी त्या गाडीला हातही लावला नव्हता. हे दुरुस्त केल्याशिवाय पुढचे लिहिणे मला योग्य वाटत नाही.

मी, शामला देवराव जांभुळकर, वय पंचवीस, अविवाहित, राहणार इंदोरा, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. आठवडाभर झोप नीट लागलेली नाही, तेही नोंदवते, म्हणजे मागाहून कोणी त्यावरून शंका काढू नये. कोणाचा दबाव नाही. मी हे लिहिते आहे हे घरात कोणाला माहीत नाही. आमच्या घरात शाळा पुरी केलेली मी पहिली. वसंतदादा चौथीतून गॅरेजात आला. हे त्यालाच वाचायचे आहे, म्हणून अक्षर मोठे काढले आहे आणि कायद्याचे शब्द कमी ठेवले आहेत.

कलम १. हे का लिहावे लागले. बाबांनी गॅरेज काढले तेव्हापासून एक रीत आहे. ज्याच्या हाताने शेवटचा पाना फिरला, त्याने ट्रायलला गाडीत बसायचे. बाबांना सही येत नव्हती, म्हणून कामाची जबाबदारी त्यांनी अशी बांधली. भैय्याजींचे बावीस ट्रक आमच्याकडे येतात ते या रीतीमुळे, असे ते स्वतः सांगतात.

दुसरी रीत माझ्यामुळे पडली. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन आले तेव्हा भैय्याजी दादाला म्हणाले, "वसंता, पोरीच्या हातची गाडी मी रस्त्यावर काढू का गा? लोक हसतील मले." तोड नत्थूजींनीच काढली. "हात तिचा, नाव माहं. टाक वं शामला वहीत माहं नाव. वही काही बोलत नाही." त्यानंतर पाच वर्षे माझे काम त्यांच्या नावावर लिहिले गेले आणि माझ्या कामाच्या ट्रायलला तेच बसत आले. कधी काही झाले नाही, म्हणून मीही कधी विचार केला नाही.

कलम २. गाडीबद्दल. ती भैय्याजींच्या मेहुण्याने जपानहून आणली. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने तिच्यातली एक चक्री फिरते आणि इंजिनात जास्त हवा कोंबते. त्यालाच टर्बो म्हणतात. दाब बेताबाहेर जाऊ नये म्हणून जास्तीचा धूर बाजूने सोडणारी झडप असते. मूळची झडप सात पौंडांवर उघडत होती. भैय्याजींना मद्रासच्या शर्यतीसाठी चौदा हवे होते. आम्ही रुंद सायलेन्सर बसवला, आत जाणारी हवा थंड करायला ट्रकच्या जुन्या रेडिएटरची जाळी कापून लावली, डॅशबोर्डवर दाबाचे घड्याळ बसवले. शेवटी मी झडपेचा दांडा आखूड केला. तोच शेवटचा पाना.

आपल्याकडचे पेट्रोल हलके आहे. दाब दहाच्या वर गेला की ते आपोआप, नको त्या वेळी पेटते आणि पिस्टन फुटू शकतो. त्याहून भीती मला तेलाच्या नळीची आहे. टर्बोला तेल नेणारी मूळची नळी काढताना चिरली. नवी नागपुरात मिळत नाही, म्हणून तिथे ट्रॅक्टरच्या नळीचा तुकडा आहे. तो फुटला तर तेल तापून लाल झालेल्या लोखंडावर पडेल.

हे माहीत असून मी चौदावर का नेले? सांगितले म्हणून, हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे असे की, मला ते जमते का पाहायचे होते. कॉम्प्रेसरची हवा देऊन पाहिले, बरोबर चौदाला दांडा हलला, आणि मला फार आनंद झाला. तो आनंद मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाळगला. दुसऱ्या दिवशी कागदावर पुन्हा सगळे मांडले, तेव्हा तो संपला.

भैय्याजी गाडी न्यायला आले तेव्हा मी त्यांच्यासमोर जाऊन म्हटले, "दाब दहावर आणू द्या. नळी मुंबईहून मागवते. पंधरा दिवस थांबा." ते माझ्याशी बोललेच नाहीत. दादाला म्हणाले, "तुही बहीण काहून घाबरून राहिली? तिनं थोडीच केली गाडी! काहून गा नत्थू, बसतो ना संग?"

नत्थूजी हात पुसत म्हणाले, "बसतो ना जी. आजवर कधी नाही बसलो?"

दादा खाली पाहत होता. गाडी आता भैय्याजींच्या बंगल्यावर आहे, बॉनेटला कुलूप आहे. मला ती दहावर आणायला दहा मिनिटे पुरतील. ती दहा मिनिटे मला कोणी देत नाही.

मी नत्थूजींच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी जयवंताबाईंना दिसत नाही. ते चहा करून बाईंच्या हातात कप धरवत होते. मी नत्थूजींना दारात बोलावून म्हटले, आजारी आहे असे सांगा. ते हसले. "पोरी, तुहं नाव सांगितलं तं बावीस ट्रक जातील. गॅरेजवर सात घरं चालतात. अन् मी म्हातारा माणूस, मले काय होते?" आतून जयवंताबाई म्हणाल्या, "कोन आजारी आहे वं?" मी निघून आले.

कलम ३. गॅरेजमधला माझा वाटा वसंतदादाला. अट एकच. वहीत त्याचेच नाव लिहावे, ज्याने काम केले. दादा, तू त्या दिवशी बोलला नाहीस याचा मला राग आहे. तो इथे लिहून टाकते, म्हणजे तुला उगाच अंदाज करत बसावे लागणार नाही. शेवटचा पाना माझा, हे मीसुद्धा बोलले नाही.

कलम ४. सोन्याची कुडी आईची होती, आईला परत. पोस्टातली माझी शिल्लक जयवंताबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला. डॉक्टर म्हणाले आहेत की एका डोळ्याची आशा आहे.

कलम ५. माझे पाने, बारीक फट मोजायचे फीलर गेज आणि डिप्लोमाची पुस्तके वस्तीतल्या ज्या मुलीला माझ्यानंतर मेकॅनिकलला प्रवेश मिळेल तिला. अजून कोणाला मिळालेला नाही. तोवर दादाने सांभाळावीत, पॉलिटेक्निकला देऊ नयेत. तिथल्या वर्कशॉपच्या सरांनी मला तीन वर्षे लेथला हात लावू दिला नाही. "तू लिहून घे," म्हणायचे. माझी जर्नल्स मात्र बाकीच्यांना उतरवायला द्यायचे.

कलम ६. कामठीच्या स्थळाने दिलेली साडी परत करावी. त्यांच्या आईने माझी नखे पाहून विचारले होते, "पोरगी मोटरीत हात घालते का वं?" आमची आई म्हणाली, "नाही जी, चूल पोतारली सकाळी." आईवर माझा राग नाही, तिने चिंचेने तासभर माझी बोटे घासली होती. पण ते खोटे होते, आणि साडी त्या खोट्यावर आली आहे.

कलम ७. भैय्याजींवर फिर्याद करू नये. धोका मी त्यांना सांगितला होता. पण गाडी मी केली हे सांगितले नाही, त्यामुळे माझ्या सांगण्याला वजन राहिले नाही. माझ्यामागे पंचशील म्हणावे, तेरवी करू नये. देह ओळखू येण्यासारखा नसेल तर आईला दाखवू नये. ती हट्ट करील. तरी दाखवू नये.

कलम ८. मी काय करणार. ट्रायल काटोल रस्त्यावर आहे, गाडी सकाळी सहाला बंगल्यातून निघेल. मी त्याआधी वही घेऊन फाटकावर जाईन आणि सर्वांसमोर सांगेन की शेवटचा पाना माझा. भैय्याजी संतापून ट्रायल रद्द करतील, ट्रक काढून नेतील, हे होऊ शकते. तसे झाले तर सात घरांचे काय, याचे उत्तर मी आठ दिवस शोधते आहे. मला सापडले नाही. किंवा ते म्हणतील, बस मग. मी बसेन, घड्याळावर नजर ठेवीन, सुई दहाच्या पुढे गेली की पाय काढा म्हणेन. ते ऐकतील असे मला वाटत नाही. किंवा मला हटवून नत्थूजींनाच पुढे बसवतील, आणि नत्थूजी बसतील. त्यांना ओढून बाहेर काढण्याएवढे बळ माझ्यात नाही. मग मी मागचे दार उघडून मागे बसेन. याहून चांगले मला काही सुचलेले नाही.

साक्षीदारांना मी काही ठेवलेले नाही. ठेवले तर अडचण येते असे ऐकले. कायदा आम्हा बौद्धांबाबत नक्की काय म्हणतो ते समजले नाही, म्हणून धोका टाळला. दोघांनी माझी सही होताना पाहिली, मजकूर वाचलेला नाही. तुळसाबाईंनी विचारले, "एवढं काय लिहिलं वं? लगन जमलं का?" मी म्हटले, गॅरेजचे काम आहे. हेही पूर्ण खरे नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

सही: शामला देवराव जांभुळकर

साक्षीदार:
१. तुळसाबाई, शेजारीण, पानठेला, इंदोरा (डाव्या अंगठ्याचा ठसा)
२. रुपराव, कंपाउंडर, इंदोरा (सही)

ठिकाण: नागपूर
सही केल्याचा दिवस: गुरुवार, १३ मार्च १९८६
फाटकावर जाण्याचा दिवस: रविवार, १६ मार्च १९८६