कोरीनच्या निवडीचा सूत्रधार

१ जानेवारी
यंदा संकल्प एकच. कोरीनला मोठ्या युनिव्हर्सिटीच्या सॉकर टीममध्ये पोचवायचं. स्कॉलरशिपसकट. पोरगी अकरावीत आहे, कॉलेजचे कोच याच वर्षी माणसं हेरून ठेवतात. गेल्या वर्षीचे संकल्प (वजन, गॅरेज) या कामापुढे किरकोळ, म्हणून तूर्त बाजूला.
रोझलीला सांगितलं. ती म्हणाली, कोरीनला विचारलंस का? रोझली दिवसभर दवाखान्यात लोकांचे दात साफ करते. लांबचं बघायची सवय नाही तिला.

६ जानेवारी
आख्ख्या देशातल्या कोचना ईमेल गेल्या. कोरीनच्या नावाने, लिहिल्या मी. पोरीला स्वतःचं कौतुक करता येत नाही, आईवर गेलीये. 'मी जन्मजात स्ट्रायकर आहे, गोल मारणं माझ्या रक्तात आहे' हे वाक्य फर्मास जमलंय.
क्लबची कोच पेट्राक तिला लेफ्ट बॅक खेळवते. म्हणजे समोरच्या गोलपासून जितकं लांब ठेवता येईल तितकं लांब. का, तर पोरगी डाव्या पायाची आहे आणि तिथे शोभते. मी पेट्राकबाईंना ऐकवलं, की गोल मारायला उजवाच पाय लागतो असं कुठल्या नियमात लिहिलंय? त्यांनी मला सरावासाठी मैदानावर मांडलेले प्लास्टिकचे शंकू गोळा करायला लावले.

११ जानेवारी
उत्तरांचा पाऊस. एका फार मोठ्या युनिव्हर्सिटीचं तर थेट उन्हाळी शिबिराचं आमंत्रण. सुरुवात 'प्रिय खेळाडू' अशी. नावाबिवाच्या भानगडीत न पडता एकदम प्रिय. जिव्हाळा म्हणतात तो हाच. त्यांच्या नावाची टोपी मागवली.
कोरीन म्हणाली, डॅड, ही पत्रं सगळ्यांना जातात, फी भरणारं गिऱ्हाईक हवं असतं त्यांना. शेजारच्या डेल्फीनलाही आलंय आणि ती बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते. मी म्हणालो, असं दुसऱ्याचं बघून जळू नये.

१७ जानेवारी
अंघोळ करताना सुचलं. कॉलेजात खेळायचं तर मार्कांची सरासरीही चांगली लागते. कोरीनला केमिस्ट्री जड जातेय. मग केमिस्ट्री सोडायची आणि त्या तासाला कुंभारकाम घ्यायचं. कुंभारकामात नापास झालेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. सरासरी वर, अभ्यास कमी, सराव जास्त. एका दगडात तीन पक्षी.
नाश्त्याला कोरीनला सांगितलं. तिने टोस्टला लोणी लावलं. मग म्हणाली, बघते. म्हणजे पटलं.

२० फेब्रुवारी
कोरीनने वर्गातून वाडगा करून आणला. निळा, गुळगुळीत, काठ अगदी सरळ. दुकानात नेऊन सगळ्यांना दाखवला. मी वीस वर्षं गालिचे विकतोय, माल पारखायची नजर आहे. छातीठोकपणे म्हणालो, ही सफाई हाताचीच, मशीनला जमायची नाही.

८ मार्च
घात.
किराणा घेताना शाळेच्या समुपदेशक मिसेस अडेयेमी भेटल्या. म्हटलं, आपली हुशारी कळू दे बाईंना. कुंभारकामाची योजना सांगितली. बाई चीजचं पाकीट हातात धरून तशाच उभ्या. म्हणाल्या, लीलंड, खेळाडूंचे मुख्य विषय मोजतात कॉलेजवाले. गणित, इंग्लिश, विज्ञान. मडकी त्यात धरत नाहीत. तुम्ही सांगताय त्या मोठ्या कॉलेजांत मुख्य विषय कमी पडले तर पोरीला मैदानात उतरू देत नाहीत. तुम्ही घरी जाऊन कोरीनशी बोला बरं.
सामान तिथेच टाकलं. पोरीच्या आयुष्याची मीच माती केली आणि वर वाडगा मिरवत फिरलो.
घरी आलो तर कोरीन जेवणाच्या टेबलावर केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून बसलेली. सोडलीच नव्हती. म्हणाली, तुला नाही म्हटलं असतं तर महिनाभर ऐकावं लागलं असतं. वाडगा रोझलीने चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून आणलेला. दोघी मिळालेल्या.
संध्याकाळपर्यंत शांत झालो. पोरीने वेळेवर डोकं चालवलं, ते डोकं माझंच. म्हणजे योजनेतली बारीकशी चूक माझ्याच संस्कारांनी निस्तरली.

१२ एप्रिल
कोलंबसला मोठी स्पर्धा. मैदानाच्या कडेला कॉलेजांचे कोच घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले. आणि टोपीवाल्या युनिव्हर्सिटीच्या बाई चक्क आमच्या मैदानावर. मी टोपी चढवून त्यांच्याशेजारीच ठाण मांडलं. बापाचा उत्साह दिसला पाहिजे. गाईच्या गळ्यात बांधतात ती घंटा मुद्दाम नेली होती, ती सतत वाजवली. मधूनमधून कोरीनला मार्गदर्शन: पुढे जा, पुढे जा, मार. एकदा ती खरंच पुढे गेली. मागे जागा मोकळी राहिली आणि आमच्यावर गोल झाला. रेफरीचं लक्ष नव्हतं हे मी त्याला समजावून सांगितलं.
मध्यंतराला बाई खुर्ची उचलून दुसऱ्या मैदानावर गेल्या. पोरगी बघून झाली, खात्री पटली, उगाच बसून काय करणार.
परतताना टोलीडो आल्यावर कोरीनने गाडीतला रेडिओ बंद केला. मग म्हणाली, मला खेळायचंय रे डॅड. मोठं कॉलेज, छोटं कॉलेज, कुठेही, पण अजून चार वर्षं खेळायचंय. तू ओरडायला लागलास की मला चेंडूच दिसत नाही. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. या दिवसांत हवेत परागकण फार असतात. ॲलर्जीची गोळी आणून दिली.

३ मे
आज मुका शनिवार. वर्षातून एकदा लीगला ही लहर येते: मॅच चालू असताना आईबापांनी अवाक्षर काढायचं नाही. तोंडात धरायला गेटवर एकेक लॉलीपॉप देतात. पन्नाशीच्या माणसाला लॉलीपॉप. निषेध म्हणून कडाडून चावला.
आत चिकट टॉफी निघाली. दाढेवरची कॅप सुटली आणि वरचे दात खालच्या दातांना जे चिकटले ते चिकटलेच. ठणका थेट मस्तकात. दोन्ही हातांत हनुवटी धरून आख्खी मॅच तसाच बसलो. बाकीचे बाप हातवारे करत होते, एकजण तर कडेने इकडून तिकडे पळत नुसत्या खुणा करत होता. मला हात हलवायचीही सोय नव्हती.
कोरीन मात्र काय खेळली. डाव्या बाजूने एकालाही आत येऊ दिलं नाही, आणि लांबून असा पास दिला की आमच्या टीममधल्या पुढच्या पोरीने नुसता पाय लावला आणि गोल. इतक्या महिन्यांचं मार्गदर्शन अखेर फळाला आलं. ऐन वेळी मला घंटा वाजवता आली नाही ही हळहळ.
रोझलीने तिच्या डॉक्टरला सुट्टीच्या दिवशी दवाखाना उघडायला लावला. कॅप बसवेपर्यंत दोघंही हसत होते. रुग्णाशी वागायची ही रीत नव्हे.

२० जून
फोन आला तो एकाच ठिकाणाहून. इंडियानातलं विदरबी कॉलेज. मोठ्यांच्या पंगतीतलं नाही, तिसऱ्या गटातलं. तिथे खेळाची स्कॉलरशिप नाहीच, आत घेतात ते मार्क बघून. मी म्हणालो, फोन घेऊ नकोस, मोठे लोक यायचेत अजून, आपण भाव खायचा. कोरीनने खोलीचं दार लावून घेतलं. कोच हॅडली नावाच्या बाई. बराच वेळ हसण्याखिदळण्याचा आवाज. मी दाराला कान लावला होता. रोझलीने मला गवत कापायला पिटाळलं.

११ जुलै
विदरबीने कोरीनचे मार्क मागवून तपासले. केमिस्ट्री बघून प्रवेश कचेरीने मान डोलावली. कोरीनने हॅडलीबाईंना हो म्हटलं. मला विचारलं नाही, सांगितलं. मग स्वयंपाकघरात आईच्या गळ्यात पडून रडली आणि हसली. मीही जरा डोळे पुसले.
टोपीवाल्या युनिव्हर्सिटीचं अजून काहीच नाही. त्यांचा तोटा.

१३ जुलै
संध्याकाळी अंगणाच्या पायरीवर बसलो होतो. कोरीन शेजारी येऊन बसली. सहज विचारलं, हॅडलीबाईंना माझ्या ईमेलमधलं कुठलं वाक्य भावलं? ती म्हणाली, डॅड, त्यांना डाव्या पायाची लेफ्ट बॅक हवी होती. स्ट्रायकर वाचून त्यांनी ईमेल पुसून टाकली. त्या मुक्या शनिवारी दुसऱ्याच पोरीला बघायला आल्या होत्या.
मग हळू आवाजात म्हणाली, कोच लोक आईबापांनाही बघतात. एक बाप डोक्यावर बसला तर चार वर्षं ताप होतो त्यांना. टोपीवाल्या बाई एप्रिलमध्येच पेट्राकबाईंना म्हणाल्या होत्या, पोरगी घेतली असती, पण बाप नको. कोरीनला तेव्हापासून ठाऊक होतं. बोलली नाही.
आणि हॅडलीबाईंनी त्या शनिवारी पेट्राकबाईंना विचारलं होतं, सगळे वेड्यासारखे हातवारे करताहेत, तो हनुवटीला हात लावून चिंतन करणारा गृहस्थ कोण? फोनवर कोरीनला म्हणाल्या, तुझ्या वडिलांसारखी शांत माणसं हल्ली दुर्मीळ. कोरीन म्हणाली, मी खोटं बोलले नाही, फक्त दाढेचं सांगितलं नाही.
मी विचारलं, रागावलीस? म्हणाली, एप्रिलमध्ये खूप. आता नाही. मला खेळायला मिळतंय ना. आणि पहाटे उठून, भर थंडीत, एवढी वर्षं मला मैदानावर कोणी नेलं, ते मला माहितीये. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. फार वाईट वाटलं आणि फार बरं वाटलं.
पुढच्या रविवारी विदरबीला जायचंय. हॅडलीबाईंना त्या शांत गृहस्थाला भेटायचंय.
तयारी म्हणून आज जेवताना गप्प बसून पाहिलं. मक्याचं कणीस संपेपर्यंत जमलं. रोझलीने विचारलं, दाढ दुखतेय का परत? कोरीन हसून म्हणाली, बोल डॅड, घरात चालतं.