ईश्वरीची गोळी, शेळीचं दूध

९ जून
ही डायरी गेल्या सालची हाय. कंत्राटदाराच्या हापिसात पडली होती, उचलली. छापलेल्या तारखा खोडून माझ्या टाकतो.
लातूरच्या डॉक्टरीणबाईनं शीतलला सांगितलं, रोजचं रोज लिहून ठेवा. अंगावर नवा डाग कुठं, नाकातून रक्त किती वेळ, गोळी दिली का. शीतल म्हणली, "शेरडं, सैपाक, पोरगी, वरून लिहू कवा? आवो, तुमी लिवा. मी फोनवर सांगते." बायको दहावी पास, मी सातवीतून पळालेलो, अन् लिहायचं मी. पण हितं कच्छच्या खाऱ्या रानात काम सुटल्यावर करायला काय हाय? सोलरचे खांब, वारा, मीठ. लिहितो.
ईश्वरी माझी पोरगी, सहा वर्षांची. पुढं नुसतं ई. लिहीन. प्लेटलेटला प्ले.
प्ले. नऊ हजार. चांगल्या लेकराची दीड लाखाच्या वर पाहिजे.
डेंगू न्हाई. हे सगळ्या धर्मापुरी गावाला भोंग्यावरून सांगावं लागंल, रोज एक जण पपईचा पाला घेऊन दारात. बाई म्हणली, हिचं अंगच हिच्या प्ले. मारतंय. आधीच्या औषधानं चढली, परत उतरली. आता ही नवी गोळी. उद्या सकाळपासून.

१० जून
तीनदा थुकली. शीतलचा फोन आला तवा मी खांबाचे नट आवळत होतो. म्हणलं, "खलून दुधात दे. कोकराला जंताचं औषध कशात देतो आपण?"
"बाई म्हणली उपाशीपोटी."
"मग दूध म्हंजी काय जेवण हाय का?"
खरंच की. पावण्याला नुसतं दूध देऊन आमच्यात कोण म्हणतं का जेवला म्हणून. धार काढली, गोळी खलली, वाटी चाटून प्याली पोरगी. गोळीच्या डब्यातला इंग्रजी कागद पेटीत ठेवला.
गोळी १. दुधात. झालं.

१६ जून
खाडा न्हाई. नाकातून रक्त दोनदा, एकदा लई वेळ. पोटरीवर बारके लाल ठिपके, माझ्या मायनं चिलटं चावली म्हणून हळद लावली. गुडघ्याला निळा डाग, वडाच्या पानाएवढा.
पडायचं न्हाई, पळायचं न्हाई, चढायचं न्हाई, अशी ऑर्डर हाय. सारी पोरं जुन्या देवळाच्या दगडांवर चढून बसतात, ही खाली उभी. फोनवर म्हणली, "पप्पा, मी देवळाची राखण करते." मी हसलो. फोन ठेवल्यावर खांबाला लाथ घातली. नखाला लागलं. माझं रक्त लगेच थांबलं. त्याचाबी राग आला.

३ जुलै
प्ले. अकरा हजार. बाईनं डोस वाढवला.
तात्याचा फोन. चुलता हाय, म्हणून ऐकून घेतलं. "गन्या, कोणाची तरी नजर हाय. एक बाबा हाय, तीन गुरुवार."
म्हणलं, "तात्या, त्या बाबाची प्ले. किती हाय ते आधी विचारा."
"लई शाना झालास व्हय रं गुजरातेत जाऊन."
"न्हाई. हितं यायच्या आधीपासून."
फोन कट. आता दिवाळीपर्यंत बोलणार न्हाई. बरं झालं.

१२ जुलै
हिरड्यातून रक्त. शीतलनं ब्रश बंद केला, बोटानं दात घासते. गोळी रोज, दूध रोज. माय मुद्दाम काळ्या शेळीचं देते, ते दाट असतं म्हणून. आता गोळी वाढली तर दूधबी वाढवलं, पेलाभर.
सुपरवायझरला रजा मागितली. म्हणला, "तुम्हारा हर महीने कोई बीमार।" म्हणलं, महिन्याला न्हाई साहेब, रोज. एकच हाय. रोज तीच आजारी हाय. रजा दिली न्हाई. मी बी साहेब म्हणणं बंद केलं.
सगळे म्हणतात गणेश एका जागी टिकत न्हाई. हैदराबाद, सुरत, आता हे. खरं हाय. पण ह्या गोळीवर मी टिकणार.

२५ जुलै
प्ले. दहा हजार. डोस परत वाढवला. आता ह्याच्या वर न्हाई म्हणली.
बाई म्हणली ते शीतलनं घोकून आणलं, मी तसंच लिहितो. "काही लेकरांना हे औषध लागू पडत नाही. ऑगस्टच्या शेवटापर्यंत बघू. नाहीच वाढली तर गोळी बंद. मग पानथरी, म्हणजे प्लीहा, काढण्याचं बोलावं लागेल. प्लेटलेट तिथंच मारल्या जातात."
पानथरी. मेंढराची मी हातात धरलेली हाय. काळपट, मऊ. सहा वर्षाच्या पोटातनं काढणार.
शीतल रडत नव्हती. म्हणून जास्त भ्या वाटलं.
लागू कावून पडत न्हाई? एक खाडा न्हाई. शेहेचाळीस दिवस, ह्या वहीत हाय.

३ ऑगस्ट
आज काम बंद, वारा लई. जनरेटरचा मेकॅनिक सलीमभाई, बीडचा, त्याच्या खोलीत चहा. हितं आपल्याकडचा तोच एक. मी वही घेऊन बसलतो. तो म्हणला, "क्या लिखते रहता बे? पोथी?"
सांगितलं सगळं. त्यानं एकच विचारलं.
"गोळी काय के साथ देते?"
"दुधात."
कप खाली ठेवला त्यानं. म्हणला, "अम्मीकी थायरॉइड की गोली चाय के साथ चल रही थी, सालभर. काम ही नै करी. डॉक्टरनं आमच्या सगळ्यायला झापलं. तुझ्या गोळीचा कागद कुठं हाय?"
पेटीत. शीतलला सांगितलं, फोटो टाक. चार फोटो आले, मुंगीएवढी अक्षरं. सलीमभाई आयटीआय हाय, बोट ठेवून ठेवून वाचू लागला. एका जागी थांबला अन् फोन माझ्याकडं फिरवला.
milk.
एवढं मलाबी वाचता येतं. चौथीत चित्रासकट शिकलतो.

३ ऑगस्ट, परत
त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं. दूध, दही असलं काही गोळीच्या आधी चार तास न्हाई अन् नंतर दोन तास न्हाई. दुधातलं चुन्यासारखं काहीतरी गोळीला धरून बसतं, अंगाला लागू देत न्हाई. खलायची न्हाई, आख्खी गिळायची. दोन्ही चुका. रोज. न चुकता.
शीतलला सांगितलं. मग म्हणली, "तुमीच म्हणलं हुतं."
"हो."
"मी म्हणलं हुतं उपाशीपोटी."
"हो. १० जूनला. लिहिलंय."

४ ऑगस्ट
आज सकाळपासून गोळी पाण्याबरोबर द्यायची म्हणून शीतल तयार. सलीमभाईनं अडवलं. "रुक बे. तीनदा डोस चढवलाय, तो दुधात वाया जात होता म्हणून. आता एकदम पुरा लागला तर? डॉक्टरला विचार आधी."
दोनदा चढवलाय, तीनदा न्हाई. पण बात बरोबर हाय.
शीतल म्हणली, बाईला दुधाचं सांगायचं न्हाई. "एवढ्या गर्दीत सगळ्यांम्होरं बोलंल. आडाणी म्हणंल. नुसतं विचारू, पाण्याबरोबर दिली तर चालंल का." मायचं तर येगळंच. "दूध कसं वाकडं करील रं? तुझा बाप दुधावर वाढला, तू वाढलास. आता माझ्या शेळीवर आळ घेता व्हय?"
१० जूनचं पान काढून बघितलं. माझंच अक्षर. 'दुधात. झालं.' फाडलं तर कोणाला कळणार हाय? डायरीचं पान सुरीनं कापलं तर दिसतबी न्हाई.
न्हाई फाडलं. म्हणू दे आडाणी. आडाणी म्हणून घेतल्यानं पोटाला टाके पडत न्हाईत. आणि बाई गोळीला नाव ठेवून बसली हाय, गोळीचा गुन्हा न्हाई. माझा हाय. तो तिला कळलाच पाहिजे, न्हाईतर पानथरी जाईल माझ्या शरमेपायी.
सगळ्या पानांचे फोटो काढले. पहिल्यापासून. तात्याचं अन् सुपरवायझरचंबी त्यात गेलं, जाऊ दे. दवाखान्याच्या नंबरवर पाठवले.

५ ऑगस्ट
बाईचा स्वतःचा फोन. मी खांबावरून उतरलो, सुपरवायझर बघत होता, बघू दे.
"ईश्वरीचे वडील?"
"हो."
"खलून?"
"हो."
"दुधात?"
"हो."
"रोज?"
"रोज. एक दिवस खाडा न्हाई, म्याडम."
मला वाटलं आता येणार शिव्या. म्हणली, "तुमची वही नसती तर मी गोळी बंद करणार होते." मग झापलं, चांगलं झापलं, कागद वाचून घ्यायचा होता म्हणून. मी म्हणलं, "म्याडम, कागद मराठीत असता तर मी वाचला असता. कोकराच्या औषधावर मराठी असतं."
माझं तोंड असंच हाय.
म्हणली, "बरोबर आहे. नर्सला सांगते, मराठीत लिहून देईल." मग सांगितलं. डोस परत खाली, पहिल्यावर. जणू आजच सुरू. सकाळी उठल्या उठल्या, आख्खी, पाण्याबरोबर. दर आठवड्याला परळीत रक्त, अधूनमधून लिव्हरचंबी. रात्रीचं दूध चालतं, लवकर जेवणाबरोबर दिलं तर. सप्टेंबरच्या शेवटी ठरवू. "पण तरी लागू पडेल याची खात्री मी देत नाही. समजलं?"
समजलं.

७ ऑगस्ट
गिळायला शिकवणं. नर्सनं सांगितलं तसं, साखरेच्या बडीशोपेवर. ताठ बसवून, एक दाणा, घोटभर पाणी. व्हिडिओ कॉलवर ई. तिकडं, मी हिकडं. तिचा एक, माझा एक. ती चावायची अन् म्हणायची, "गिळली." मी म्हणलं, "जीभ दाखव." दाखवली, हिरवी.
अकराव्याला गेली. सलीमभाई मागून म्हणला, "मेरे को भी दे, मैं भी बीमार." ई. हसून हसून पडायला आली, शीतलनं धरली.

१२ ऑगस्ट
गोळी आख्खी. पाण्यानं. सहा दिवस.
पण दोन तास कळायचे कसे? घरात घड्याळ हाय, मायला वाचता येत न्हाई. ई. रडते दुधासाठी, शेळी डोळ्यापुढं. शीतलनं ठरवलं, शेरडं माळाला सुटली की दूध. उठल्यावर गोळी, शेरडं सुटायला दोन तासांच्या वर जातात. मायला ते पटलं. शेरडं सुटायची येळ तिला कोणी शिकवायची गरज न्हाई.

१९ ऑगस्ट
प्ले. आठ हजार. उतरली.
बाई म्हणली, घाबरू नका, लगेच दिसत न्हाई. मी घाबरलो न्हाई. संतापलो. कोणावर ते सापडंना.

२२ ऑगस्ट
सापडलं. ई. नंच सांगितलं फोनवर, हळूच. "पप्पा, आज्जी आधीच देते. थोडं. मम्मीला सांगू नको."
मायला फोन केला. आयुष्यात तिच्याशी असं बोललो न्हाई. म्हणलं, "माय, तुझी शेळी वाईट न्हाई. तुझी येळ वाईट हाय."
"वाटीभरबी न्हाई रं. दोन घोट. लेकरू बघत बसतं माझ्या हाताकडं."
"बघू दे. पोटाकडं बघत बसण्यापरीस हाताकडं बघू दे."
रडली. मी फोन ठेवला न्हाई, ती रडून होईपर्यंत धरून बसलो. शेवटी म्हणली, "मग धार मी काढीत न्हाई सकाळची. शीतल काढंल. माझा हात ऐकणार न्हाई."
मायचं कबूल करणं हे असं असतं. बाईलाबी कळवलं, हे पान पाठवून.

३० ऑगस्ट
प्ले. चौदा हजार. बाई म्हणली, एवढ्यावरून काही म्हणता येत न्हाई. मी दोनदा आकडा वाचला फक्त.
तात्या आला होता घरी, राग गिळून. ई. कडं बघून म्हणला, "अजून बाबाकडं न्या." मायच म्हणली म्हणं, "तिकडं नको. तो बी दूधच मागंल."

१३ सप्टेंबर
प्ले. एकोणीस हजार. नाकातून रक्त नऊ दिवस न्हाई. लाल ठिपके जुने, नवे न्हाईत.
सुपरवायझरला सांगितलं, महिनाअखेरीला मी लातूरला असणार, रजा लिहा न्हाईतर नाव खोडा. म्हणला, सोच ले. सोचून झालं होतं.

२६ सप्टेंबर
तिकीट काढलं, परळीपर्यंत. नाव खोडलं सुपरवायझरनं. सलीमभाईनं बडीशोपेची पुडी दिली, ई. साठी. "बोल उसको, चबाने का नै."
परवा लातूर. गोळी, का पानथरी, परवा ठरणार.
आज सकाळी ई. नं परळीत रक्त दिलं. रिपोर्ट सांजच्याला. बॅग भरता भरता ई. चा फोन. मांडीवर निळा डाग हाय म्हणली, नवा.
"कुठं लागलं?"
काळ्या शेळीचं सांगू लागली.
"ई., कुठं लागलं?"
"देवळाच्या दगडावर. वर चढले हुते. तिसऱ्या दगडावर."
"कोणी चढवलं?"
"कोणी न्हाई. मीच."
रागवायला पाहिजे होतं. बाईची ऑर्डर हाय. रागवलोबी. "बाई काय म्हणली ध्यानात हाय का?"
"हाय."
"मग?"
"मग काय. वरून शेरडं दिसतात, सुटली का ते."
ह्या पोरीला माझं वळण लागलंय. बाकी काही लागू पडो न पडो.
प्ले.
आकडा आला की हितं लिहीन. जागा सोडली हाय.