विजेचं पाकीट

प्रिय हट्टोबा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. सूनबाईच्या हाती देतेय, ती तुझ्या डब्याच्या पिशवीत घालणार आहे. तिच्यावर चिडू नकोस, गळ मीच घातली. पत्र कट करता येत नाही, फाडलंस तर गोष्ट वेगळी.

मी बरी आहे. घर मात्र एवढंसं आहे की कपाटाचं दार उघडलं की खोलीचं उघडत नाही. घर सोडताना तू विचारलंस, आमच्याकडे तुला काय कमी पडलं? काहीच नाही रे. वडिलांच्या घरातून तुझ्या बाबांच्या घरी आले, ते गेल्यावर तुझ्या. एकदा तरी आपल्या कुलपाची किल्ली आपल्याच पर्समध्ये असावी, एवढंच मनात होतं. तू म्हणालास, पैशाचं गणित तुला कधी जमलंय, चार महिन्यांत परत येशील. आणि वर बोलणंच टाकलंस. गणिताचं लागलं, पण अबोल्याचं जास्त लागलं.

तर गणिताचं सांगते. तुझ्या बाबांची पेन्शन आणि कपडे दुरुस्तीच्या दुकानातला माझा पगार, एवढीच आवक. दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करायच्या आणि चेन बदलायच्या. पगार झाला की पाकिटं भरते: भाडं, वीज, गॅस, पाणी, फोन, आणि एक ‘अचानक’ नावाचं. पहिल्या महिन्यात दुसऱ्याच आठवड्यात नळ तुटला आणि ‘अचानक’ रिकामं झालं. भाड्याच्या वर इमारतीच्या देखभालीचे वेगळे पैसे असतात, हे तर मला कोणी सांगितलंच नव्हतं. मग काय, फोनचं गॅसला, गॅसचं पाण्याला, याची टोपी त्याच्या डोक्यावर. हळूहळू शहाणपण आलं. आता पाकिटं आधी, उरेल त्यात भाजी. ज्या खोलीत मी नाही तिथे दिवा नाही, इस्त्री आठवड्यातून एकदाच.

आणि विजेचं बिल आलं शून्य. पुढच्या महिन्यातही शून्य, त्याच्या पुढेही. मी खालचा मोठ्या अक्षरांतला आकडाच बघते, वरच्या बारीक मजकुराच्या वाटेला जात नाही. मला वाटलं, काटकसर करावी तर माझ्यासारखी! समोरच्या निवृत्त नर्सबाईंना मी उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसे सल्ले द्यायला लागले. बिचाऱ्यांनी माझं ऐकून रात्रीचा फ्रीज बंद ठेवला. दूध नासलं, बिल मात्र होतं तेवढंच आलं. त्यांनी माझं बिल मागून घेतलं, चष्मा न लावताच उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाल्या, बाई, दिवा लावणाऱ्याला शून्य बिल येत नसतं, तुमचा मीटर बिघडलाय.

उद्या सगळी बाकी एकदम अंगावर आली तर द्यायची कुठून? आणि मग तुझंच खरं ठरलं असतं. अर्धा दिवस रजा टाकून बिलाच्या खिडकीवर गेले आणि आपणहून सांगितलं, माझा मीटर तपासा. कारकुनानं पाहिलं आणि म्हणाला, मीटर उत्तम चालतोय, तुमच्या नावावर कोणीतरी आगाऊ पैसे भरून ठेवतंय. कोण, ते सांगेना. फार विनवल्यावर फोनचा नंबर अर्धा वाचला. उरलेला अर्धा मी म्हटला.

सामान चढवायला आला होतास तेव्हा तू एक अक्षर बोलला नाहीस. जाताना मीटरवरच्या नंबरासमोर फोन धरून उभा होतास. मला वाटलं, माझ्याकडे बघायचं टाळतोयस.

खरं सांगू, आधी रागच आला. म्हणजे माझं गणित जमलंच नव्हतं, तू मागून ढकलत होतास. घरी येऊन सगळी पाकिटं पलंगावर पालथी केली आणि विजेचा खरा आकडा धरून नव्यानं मांडलं. जमतंय रे. ओढूनताणून, पण जमतंय. मग मात्र रडू आलं. अबोला धरलेला माणूस बिल भरतो का कधी? एवढे महिने तू दर महिन्याला माझी चौकशी करत होतास, आणि मी ती शून्य म्हणून वाचत होते.

म्हणून हे पत्र. यापुढे बिल भरू नकोस, ते माझं मला भरू दे. भरलेले पैसे मात्र परत मिळणार नाहीत, ते खर्च झाले. विजेच्या पाकिटात साठलेले पैसे माझेच समजून मी मागच्याच महिन्यात दुसरी खुर्ची घेतली. एकट्या बाईला दुसरी खुर्ची कशाला, असं नर्सबाईंनी विचारलं होतं. तेव्हा मी काहीतरी थाप मारली. खुर्ची भिंतीशी आहे, तिच्यावर अजून कोणी बसलेलं नाही. रविवारी मी घरीच असते.

तुझीच,
आई