सतरा नंबरची फांदी

४ ऑगस्ट
सतरा नंबर भलत्याच फांदीवर बसलाय!

दुपारी संगणकानं पानांच्या डीएनएवरून वंशवृक्ष काढून दिला. रानटी ब्लूबेरीचे माझे एक्केचाळीस नमुने – कोण कुणाचं सख्खं, कोण चुलत. निलगिरी डोंगरातले सगळे एका फांदीवर, मेघालयचे दुसऱ्या. फक्त सतरा नंबर, चिठ्ठीवर निलगिरी लिहिलेला, मेघालयवाल्यांच्या मांडीवर. त्याला फुलं-फळं नव्हती, नुसती पानं. त्यामुळे नुसतं बघून कळणं शक्यच नव्हतं.

पंचाक्षरी सरांनी पडद्यावर त्या फांदीवर बोट ठेवलं. "मधी दोन हजार किलोमीटर उन्हाचा मुलूख हाय. बी पक्ष्यानं नेलं म्हणावं का? हे लई मोठं हाय, विशाखा." माझे गाईड होऊन तीन वर्षं झाली, 'लई' पहिल्यांदाच म्हणाले. २३ला लातूरच्या परिषदेत मीच मांडायचं!

५ ऑगस्ट
आईला मुदखेडला फोन. "ते झुडूप नांदेडात येत न्हाई, मग तू तिथं बसून काय करून राहिलीस माय?" तिला काय सांगू! निम्मं काम तर तिनंच केलंय. जानेवारीत निलगिरीला, मे महिन्यात मेघालयला निघाले, दोन्ही वेळा तिनं घरच्या पेपरांची ताजी रद्दी सुतळीनं बांधून दिली. त्याच कागदांत फांद्या दाबून वाळवल्या, अजून त्यातच आहेत. चिठ्ठ्या मात्र सगळ्या जूनमध्ये एका दुपारी हॉस्टेलवर बसून लावल्या. एका बैठकीत! तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

९ ऑगस्ट
रविवार. कपडे धुतले, झोपले. सुख.

१२ ऑगस्ट
आईनं गावभर केलं वाटतं. आनंदराज मामाचा फोन – "तुझा फोटो छापू का पेपरात? औंदा जयंतीला माझा छापला तसा?" मामाची ती पहिलीच जाहिरात, हात जोडलेली. अजून कौतुक ओसरलेलं नाही त्याचं. मी म्हटलं, माझा नको, पानांचा छाप. तर म्हणतो, "पानाला कोण वळखतंय?"

जेवताना एकटीच हसत होते. इतकं बरं खूप दिवसांत वाटलं नव्हतं. तीन वर्षं दुसऱ्यांनी शोधलेलंच पुन्हा मोजत होते. हे माझं आहे. हे उभं राहिलं तर माझं नाव राहील.

१८ ऑगस्ट
भाषण आरशासमोर चारदा म्हटलं. अठरा मिनिटं. पक्ष्याचा भाग फार छान होतो!

२१ ऑगस्ट
परवा लातूर. पडद्यावर दाखवायला सतरा नंबरचा फोटो हवा म्हणून कपाटातून काढला. कागद उलगडला. फांदीखाली आनंदराज मामा, हात जोडून हसत होता. जयंतीच्या शुभेच्छा, चौदा एप्रिल.

निलगिरीला मी जानेवारीत गेले होते.

कुठलाच पक्षी कुठं गेला नव्हता. वंशवृक्षानं बरोबर ओळखलं होतं, चिठ्ठी मी चुकवली. कपाटाची किल्ली फक्त माझ्याकडे आहे.

सरांना फोन लावला.